बारा वर्षं उभं राहिलेलं शंटर: ब्रिटिश रेल्वेच्या ०८ वर्गाचं एक प्रकरण

ब्रिटनमधल्या एका छोट्या हेरिटेज रेल्वेच्या, म्हणजे जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या रेल्वेच्या, मागच्या सायडिंगला ०८ वर्गाचं एक डिझेल शंटर, म्हणजे यार्डात डबे हलवणारं इंजिन, बारा वर्षं उभं आहे. बॉनेटच्या दारांच्या कडा गंजल्यात, धुराड्यावर पालथा घातलेला डबा कधीतरी वाऱ्याने उडालाय, बॅटरीच्या पेट्यांत पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे. शेवटचं चाललं तेव्हा ठणठणीत होतं, असं ज्याला विचारावं तो सांगतो. आता रेल्वेला ती सायडिंग मोकळी हवी आहे. इंजिन भंगारात काढायचं, दुसऱ्या ०८साठी सुट्या भागांना सोलायचं, की चालू करायचं, हे ठरवायचं आहे.

हे कुठल्या एका क्रमांकाचं इंजिन नव्हे. अशा अवस्थेतल्या ०८मध्ये जे हमखास सापडतं ते इथे एकाच इंजिनावर मांडलं आहे. वर्गाचा इतिहास आणि आकडे मात्र खरे आहेत.

हे शंटर टिकलं कसं

०८चा मूळ आराखडा राष्ट्रीयीकरणाच्या आधीचा, लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या १९४५नंतरच्या शंटरचा. ब्रिटिश रेल्वेने तो उचलून १९५२ ते १९६२ या काळात डर्बी, डार्लिंग्टन, क्रू, डॉनकास्टर आणि हॉर्विच या कारखान्यांत ९९६ इंजिनं बांधली. वजन सुमारे ५० टन, तीन आसांवर सहा चाकं, बाहेरून दांड्यांनी जोडलेली. डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर चाकं फिरवणारी एकेक ट्रॅक्शन मोटर पुढच्या आणि मागच्या आसावर, मधला आस नुसता दांड्यांवर फिरतो. मोटर आणि चाक यांच्यात दोन टप्प्यांचे गिअर, गुणोत्तर २३.९ ला १. वेग ताशी १५ मैल, काहींचा २०. ओढ ३५,००० पाउंड, म्हणजे जवळपास १६ टन.

आतलं डिझेल इंजिन इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं ६केटी. सहा सिलिंडर एका रांगेत, बोअर २५४ मिमी, स्ट्रोक ३०५ मिमी. हिशोब केला तर आकारमान ९३ लिटरच्या घरात जातं आणि त्यातून काढायचे फक्त ३५० अश्वशक्ती, तेही मिनिटाला ६८० फेऱ्यांवर. टर्बो नाही. आजच्या मोठ्या ट्रकचं तेरा लिटरचं इंजिन याहून जास्त ताकद देतं. इतकं निवांत चालणारं इंजिन झिजतं कमी, आणि झिजलं तरी एकाएकी दगा देत नाही, आधी बराच काळ कुरकुरतं.

पण नुसतं इंजिन चांगलं म्हणून ०८ जगलं, असं म्हणणं अर्धवट ठरेल. त्याच सांगाड्यात, तसल्याच चाकांवर, ब्रिटिश रेल्वेने ब्लॅकस्टोन इंजिन बसवून १४६ शंटर बांधली. त्यांना पुढे १० वर्ग म्हणतात. ताकद तीच, काम तेच. १९७२पर्यंत ती सगळी सेवेतून गेली. आज त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. क्रॉसली इंजिनाची दहा बांधली होती, त्यांतलं एकही उरलं नाही. टिन्स्ली यार्डाच्या हंपसाठी, म्हणजे डबे ढकलून वेगवेगळ्या रुळांवर सोडायच्या उंचवट्यासाठी, १९६५ साली ०८चीच इंजिनं दोन-दोन जोडून तीन जोड्या तयार केल्या, तो १३ वर्ग. यार्डाचं काम बदललं आणि तीनही जोड्या तोडल्या गेल्या. १० वर्गाचं इंजिन वाईट होतं असं नाही, पण डेपोच्या फडताळात ६केटीचे इंजेक्टर शंभर आणि ब्लॅकस्टोनचे चार, अशी स्थिती असेल तर साहेब कोणाला आधी कमी करणार, हे उघड आहे. ०८ वाचलं ते गर्दीमुळे.

कुर्ल्याच्या डिझेल शेडमध्ये डब्ल्यूडीएस-६ बघितलेल्यांना हे गणित नव्याने सांगायला नको. त्या शंटरचं सहा सिलिंडरचं आल्को २५१ इंजिन आणि मेन लाइनवरच्या डब्ल्यूडीएम-२चं सोळा सिलिंडरचं इंजिन एकाच घराण्यातलं. मोठ्या भावाचा ताफा जोवर शेडमध्ये, तोवर धाकट्याला सुट्या भागांची ददात नाही. मोठा निवृत्त झाला की धाकट्याचेही दिवस भरतात.

ब्रिटनमध्ये ०८ अजूनही डेपो आणि कारखान्यांत राबतात, आणि जतन केलेली साठाहून अधिक आहेत. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या संग्रहात १३०७९, म्हणजे नंतरचं ०८ ०६४, आहे. बाकीची बहुतेक वाफेच्या हेरिटेज लाइनवर सकाळचे डबे लावताना दिसतात, कारण वाफेचं इंजिन पेटवून दाब यायला तास-न्-तास जातात आणि ०८ सकाळी बटण दाबलं की कामाला तयार असतं. वाफेच्या भक्तांना ते आवडत नाही, पण त्याच्याशिवाय त्यांचं चालतही नाही.

ठरवण्याआधी काय बघायचं

बॉनेट उघडण्याआधी चाकांखाली वाकायचं. चाकावरच्या पोलादी टायरची जाडी आणि फ्लँजची, म्हणजे चाकाच्या आतल्या कडेची, उंची गेजने मोजायची. चाकांची जोडी, त्यावरचं गिअर आणि बाहेरची क्रँक मिळून जो संच होतो तो आज ०८मधला सगळ्यात दुर्मिळ भाग आहे. हेड मिळतं, पिस्टन मिळतो, मोटर पुन्हा गुंडाळता येते. टायर संपलेल्या तीन जोड्या मात्र प्रकल्प मारतात. टायर लेथवर घ्यायला जागा उरली असेल तर पुढे बोलायचं, नाहीतर इंजिन सोलण्यालायक आहे, असं त्याच दिवशी लिहून टाकावं.

त्यानंतर ब्रेक बघायचा. ०८चा स्वतःचा ब्रेक हवेचा. गाडीचा ब्रेक मुळात व्हॅक्यूमचा होता. नंतर अनेकांना दोन्ही दिले आणि शेवटी काहींचा व्हॅक्यूम काढून फक्त हवेचा ठेवला. हेरिटेज लाइनचे जुने डबे बहुतेक व्हॅक्यूमवर चालतात. त्यामुळे एक्झॉस्टर, म्हणजे व्हॅक्यूम तयार करणारा पंप, काढून टाकलेलं ०८ यार्डात डबे हलवेल, पण प्रवासी गाडी ओढू शकणार नाही. विकणाऱ्याच्या जाहिरातीत हे क्वचितच लिहिलेलं असतं.

मग ॲस्बेस्टॉस. धुराच्या पाइपाभोवतीचं लपेटण, जुनी गॅस्केटं, कंट्रोल कपाटातल्या, ठिणग्या विझवणाऱ्या आर्क शूट, हे सगळं संशयित. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत घासकागद किंवा वायर ब्रश लावायचा नाही. इथे घाई केली तर इंजिनापेक्षा शेडचीच सफाई महाग पडते.

आपल्या प्रकरणातल्या इंजिनाचे टायर अजून एका कटाईला पुरेसे आहेत, दोन्ही ब्रेक जागेवर आहेत, ॲस्बेस्टॉस फक्त धुराच्या पाइपावर आहे. म्हणून ते चालू करायचं ठरतं.

पाणी, आणि पुन्हा पाणी

उभ्या राहिलेल्या डिझेलला गंजापेक्षा पाणी मारतं, आणि ते तीन वाटांनी आत शिरतं.

पहिली वाट धुराड्याची. डबा उडाला की पाऊस थेट मॅनिफोल्डमध्ये. इंजिन थांबताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात पाणी पिस्टनवर साचतं. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा दीड लिटरही नसते. पाणी दाबलं जात नाही. बॅटरी जोडून बटण दाबलं तर जनरेटर, जो सुरू करताना मोटर बनून इंजिन फिरवतो, पूर्ण जोर लावतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. नंतर कधीतरी पूर्ण लोडवर तो रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो. म्हणून या इंजिनाचं बटण आधी कोणी दाबायचं नाही, बॅटरी काढूनच ठेवायची. सगळे सहा इंजेक्टर उतरवायचे. प्रत्येक भोकातून पिस्टनवर थोडं हलकं तेल सोडून एक-दोन दिवस मुरू द्यायचं, मग फ्लायव्हीलला बार लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचं. चार स्ट्रोकचं इंजिन असल्याने एकाच फेरीत सगळे व्हॉल्व्ह उघडमीट होत नाहीत. फिरवताना भोकांसमोर तोंड न्यायचं नाही. इथे तिसऱ्या सिलिंडरमधून गंजाळलेलं पाणी बाहेर येतं, पेलाभर. हेड उतरवून लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं नळकांडं, बघावा लागतो. हलका गंज होनिंगने, म्हणजे बारीक घासून, निघतो, पिस्टन रिंगच्या उंचीवर खड्डा पडला असेल तर लायनर बदलायचा.

दुसरी वाट कूलंटची. या इंजिनात सहाशे लिटरच्या वर पाणी असतं. इतक्या पाण्याला पुरेल इतकं अँटिफ्रीझ घालायचा खर्च टाळायला अनेक ठिकाणी थंडीआधी पाणी सोडून देतात. वरचा ड्रेन उघडतात, खालचा विसरतात. ब्लॉकच्या तळाला, वॉटर पंपात, हीटरच्या पाइपात राहिलेलं पाणी गोठतं आणि लोखंड तडकतं. पाणी सोडताना प्रत्येक कॉक उघडून तारेने टोचायचा, कारण गाळाने बुजलेला कॉक रिकामं झाल्याचं खोटं सांगतो.

तिसरी वाट लायनरच्या तळाच्या रबरी रिंगांची. बारा वर्षांत त्या वाळून कडक होतात. तपास सोपा आहे, पण क्रम चुकला तर महाग पडतो. आधी सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, जुनं तेल काढायचं, सम्प पुसून कोरडा करायचा, क्रँककेसची दारं काढून ठेवायची. मग साधं पाणी भरायचं आणि २४ तास थांबायचं. दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन खालून प्रत्येक लायनरचा तळ बघायचा. गळती असेल तर थेंब तिथेच लोंबताना दिसतो. हे न करता आधी नवं तेल भरलं तर दोनशे लिटर तेलाचं लोणी होतं आणि बेअरिंगं धोक्यात येतात ती वेगळीच. पहिल्या तासात दोन-तीन थेंब पडून थांबले तर रिंग ओल्या होऊन फुगल्या असं धरता येतं. आठवडाभर ठेवून पुन्हा बघावं. सतत धार असेल तर तो लायनर बाहेर.

दारं उघडी आहेत तोवर बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, बोल्ट, त्यांच्या स्प्लिट पिना आणि सम्पची गाळणी बघून घ्यायची. गाळणीत पांढऱ्या धातूचे कण दिसले तर सगळं काम थांबवून बेअरिंगं उघडायची.

विजेची बाजू

०८वर इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, ही मोठी सोय आहे. हवेवर चालणारे काँटॅक्टर, रिले, पितळी पट्ट्या. डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. पण मेन जनरेटर आणि दोन्ही मोटरांच्या गुंडाळीत ओल शिरलेली असते. बॅटरी, दिवे, मीटर सोडवून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावायचा. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर विजेला हात लावायचा नाही. घाबरून मोटर काढायचीही गरज नाही. बहुतेक वेळा ती नुसती ओल असते. तपासणीची झाकणं उघडून, खाली छोटा हीटर आणि वरून ताडपत्री अशी चार-पाच दिवस मंद ऊब द्यायची, रोज एकाच वेळी मेगर घ्यायचा आणि आकडे वहीत लिहायचे. पहिल्या एक-दोन दिवसांत आकडा उलट खाली जातो, कारण आतली ओल सुटून पृष्ठभागावर येते. तिथे लोक हाय खातात. तिसऱ्या दिवसापासून तो चढू लागला तर इन्सुलेशन जिवंत आहे.

कार्बन ब्रश होल्डरमध्ये अडकलेले असतात. प्रत्येक ब्रश बोटाने वरखाली सरकला पाहिजे. अडकलेला ब्रश कमोटेटरला, म्हणजे ब्रश ज्याच्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या फिरत्या नळीला, टेकत नाही, ठिणग्या पडतात, तांबं जळतं. कमोटेटरवरचा चॉकलेटी थर चांगला, तो घासून चकचकीत करायचा मोह आवरावा. पट्ट्यांमधला मायका तांब्याच्या वर आला असेल तरच तो खरवडून खाली घ्यायचा.

बॅटरीचं दुरुस्तीत काही होत नाही. प्रणाली ९० व्होल्टची आहे, आणि इंजिन सुरू करताना मेन जनरेटरच मोटर बनून क्रँक फिरवतो, म्हणून बॅटरीवर ओढ जबर. मरतुकड्या बॅटरीवर तीनदा प्रयत्न केला तर इंजिन सुरू होत नाहीच, वर काँटॅक्टरची टोकं वितळतात. नवा संच हा या सगळ्या कामातला एकरकमी मोठा खर्च, आणि तो शेवटी करायचा. आधी घेतलेली बॅटरी इंजिन तयार होईपर्यंत पुन्हा उतरते.

इंधन आणि पहिला स्टार्ट

टाकीत सुमारे तीन हजार लिटर मावतात. तळाला पाणी आणि त्याच्या सीमेवर काळी बुरशी. ड्रेन उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडायचं, फिल्टर बदलायचे, आणि फिल्टर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा बदलायला लागतील हे धरूनच जास्तीचे आणायचे.

खरा धोका फ्युएल पंपाच्या रॅकमध्ये, म्हणजे किती इंधन जायचं ते ठरवणाऱ्या सरकत्या दांडीत, असतो. जुनं डिझेल गोंदासारखं सुकतं आणि रॅक पूर्ण उघड्या जागी अडकतो. असं इंजिन सुरू झालं की वेग आवरणाऱ्या गव्हर्नरला जुमानत नाही, फेऱ्या वाढतच जातात. सहाही पंपांचे रॅक बोटाने शेवटपर्यंत सरकवून परत यायला हवेत. एक जरी जड असला तरी पंप उतरवून साफ करायचा. पहिल्या स्टार्टला एक माणूस रॅकपाशी आणि एक हवेच्या तोंडापाशी, गरज पडली तर हवा बंद करायला, जाड फळी घेऊन उभा असावा. फळी वापरायची वेळ सहसा येत नाही, म्हणून ती आणायचं विसरतात.

त्याआधी बाहेरच्या पंपाने तेल गॅलरीत दाबून प्रत्येक बेअरिंगमधून टपकताना बघायचं आणि रॉकरवर हाताने तेल घालायचं. इंजेक्टर न बसवता, इंधन बंद ठेवून, एकदा बॅटरीवर इंजिन फिरवायचं. मगच इंजेक्टर, मगच स्टार्ट. दहा मिनिटं चालवून बंद करायचं आणि क्रँककेसची दारं उघडून आतलं तापमान हातात धरायच्या पायरोमीटरने मोजायचं. एकच बिग एंड शेजाऱ्यांपेक्षा गरम असेल तर कारण तिथेच आहे. मात्र इंजिन गरम असताना दार लगेच उघडायचं नाही. तेलाची वाफ आणि ताजी हवा एकत्र आली तर भडका उडतो. निदान दहा-पंधरा मिनिटं थांबावं.

पहिल्या दिवशी धूर पांढरा आणि भरपूर. अर्ध्या तासात तो विरळ झाला नाही तर कोणता सिलिंडर पेटत नाही हे एकेका पंपाचं इंधन तोडून शोधायचं. ज्याचं तोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो गुन्हेगार. या इंजिनात तो पाचवा निघतो, आणि दोष इंजेक्टरच्या चिकटलेल्या सुईचा.

चाकं फिरण्याआधी

ट्रॅक्शन मोटरची सस्पेन्शन बेअरिंगं पांढऱ्या धातूची, तेल पिणाऱ्या पॅडवर चालणारी. त्यांच्या विहिरीत तेलाखाली पाणी बसलेलं असतं. डिपस्टिकला तेल लागतं म्हणून समाधान मानू नये. तळाचा प्लग काढून पाणी सोडावं, पॅड काढून पिळून, वाळवून, तेलात भिजवून परत बसवावं. दांड्यांच्या बुशांनाही हेच. हवेच्या टाक्यांची तपासणी सन २०००च्या प्रेशर सिस्टिम नियमांप्रमाणे सक्षम व्यक्तीकडून झाल्याशिवाय कॉम्प्रेसर लावायचा नाही. गंजलेली टाकी बाहेरून रंगवलेली छान दिसते.

दुसऱ्या इंजिनाने ओढून बघायचं असेल तर चालण्याच्या वेगाने. ०८ला वेगाने ओढलं तर २३.९ पट गिअरमुळे मोटरचा फिरता भाग, आर्मेचर, भयंकर वेगाने फिरतो आणि गुंडाळी बाहेर फेकली जाते. लांब न्यायचं असेल तर लो-लोडर ट्रकवर चढवून नेतात, तेच शहाणपणाचं.

चाचणी रिकाम्या यार्डात, मग दोन डबे, मग सहा. ब्रेक लावून मोटरवर जोर देत इंजिन लोड करायची युक्ती काही जण सुचवतात. ती करू नये. थांबलेल्या मोटरचा कमोटेटर ज्या पट्ट्यांवर ब्रश टेकलेत तिथेच भाजतो आणि मग प्रत्येक फेरीला टकटकतो.

सोलायला दिलेलं भावंड

असा प्रकल्प एका इंजिनावर क्वचितच पुरा होतो. शेजारी एक मरणारं ०८ लागतं. त्यातून आधी काय काढायचं याचा क्रम ठरवून ठेवावा: चाकांचे संच, ट्रॅक्शन मोटरा, हेड, कॉम्प्रेसर आणि एक्झॉस्टर, मग कंट्रोल कपाट जसंच्या तसं. काढलेली भोकं त्याच दिवशी झाकावी. उघडं ठेवलेलं दाता इंजिन दोन हिवाळ्यांत दोघांनाही निरुपयोगी होतं. भंगाराचा भाव चढला की अशी दाता इंजिनं आधी दिसेनाशी होतात. पन्नास टन पोलादाची किंमत कोणालाही काढता येते, ६केटीच्या हेडची नाही.

अलीकडे काही शंटरांमधलं डिझेल काढून बॅटरी बसवण्याचे प्रयोगही होत आहेत. सांगाडा, चाकं, दांडे तेच. काम म्हणून ते ठीकच आहे. पण त्याला जतन म्हणायचं का, यावर मतभेद राहणार. ६केटीची ती सावकाश धडधड ऐकायला लोक तिकीट काढून येतात, हे विसरता येत नाही.

काम सुरू झाल्यावर

चालू झालेलं शंटर पुन्हा मारायची सोपी पद्धत म्हणजे त्याला दर रविवारी वीस मिनिटं नुसतं आयडलवर चालवणं. सिलिंडर थंड राहतात, इंधन पुरं जळत नाही, तेल पातळ होतं आणि धुराड्यातून काळा चिकट थेंब पडू लागतो. महिन्यातून एकदा, पण तासभर, डबे लावून ओढायला लावावं. पाणी गरम झालं पाहिजे आणि कॉम्प्रेसर दोन-तीनदा भरून थांबला पाहिजे. ते जमणार नसेल तर सुरूच करू नये. बार लावून हाताने फिरवावं आणि बॅटरी चार्जरवर ठेवावी. तेलाचा नमुना वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत. त्यात सोडियम किंवा बोरॉन वाढलं तर कूलंटमधली रसायनं तेलात उतरताहेत, म्हणजे लायनरची रिंग पुन्हा गळू लागली.

आणि काम संपल्यावर, इंजिन थंड झालं की, धुराड्यावर डबा. या वेळी तारेने बांधून, आणि तारेला लाल कापड. नाहीतर सकाळी कोणीतरी डबा तसाच ठेवून स्टार्ट करतं.